फॅन फिक्शन, फॅन्डम आणि कॉपीराइट: ओटीडब्ल्यूची साधनं काही महिने वापरल्यानंतर

आवडत्या कथेतली पात्रं घेऊन आपण नवी कथा लिहिली, म्हणजे फॅन फिक्शन लिहिलं, तर ती चोरी होते का? आमच्या वाचनगटातली कॉलेजची मुलं हे सतत विचारतात. म्हणून गेले काही महिने मी ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स, म्हणजे ओटीडब्ल्यू, या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेची साधनं नेमाने वापरतेय. 2007 साली फॅनलिब नावाची कंपनी चाहत्यांच्या कथांवर धंदा उभारू पाहत होती. त्याच वर्षी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटने चाहत्यांची बरीच खाती अचानक बंद केली. जागा दुसऱ्याची असली की असंच होणार, हे ओळखून चाहत्यांनीच ही संस्था काढली.

तिचं आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे एओथ्री, हे चाहत्यांच्या कथांचं ऑनलाइन संग्रहालय नोव्हेंबर 2009 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. मला सगळ्यात आवडली ती टॅगची व्यवस्था. एकाच पात्राला कुणी पूर्ण नावाने टॅग करतं, कुणी लाडक्या नावाने, कुणी चुकीच्या स्पेलिंगने. स्वयंसेवक पडद्यामागे ही सगळी नावं एका मुख्य टॅगला जोडतात. लेखकाने लिहिलेला टॅग जसाच्या तसा दिसतो, पण शोधणाऱ्याला सगळ्या कथा एकत्र सापडतात. नको ते वगळायचीही सोय आहे. हिंसाचार नको असेल तर गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, तेवढी खूण करायची. मुलांच्या हाती देण्याआधी मी ही गाळणी त्यांना नीट शिकवते, कारण तिथे प्रौढांसाठीचं लिखाणही भरपूर आहे.

फॅन्डमचा, म्हणजे चाहत्यांच्या जगाचा, इतिहास हवा असेल तर फॅनलोअर हा त्यांचा विकी उघडावा. ‘ही पात्रं माझी नाहीत, मी यातून पैसे कमावत नाही’ ही ओळ जुन्या कथांच्या डोक्यावर का असायची, हे तिथे वाचताना त्या काळातल्या चाहत्यांची धास्ती कळते. (ती ओळ लिहिली म्हणून कायद्याचं संरक्षण मिळतं असं मात्र नाही.) ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स हे त्यांचं संशोधनपत्र 2008 पासून फुकट वाचता येतं. भाषा जड आहे. सुरुवात सिम्पोझियम विभागातल्या छोट्या लेखांपासून करा.

आता कायद्याचं. इथे मराठी लिहिणाऱ्याने सावध राहायला हवं. संस्थेची मांडणी अमेरिकेच्या ‘फेअर यूज’वर उभी आहे: मूळ कृतीत नवा अर्थ घातला का, किती उचललं, मूळ कृतीच्या बाजाराला धक्का बसतो का. तिथेही सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या वॉरहोल निकालानंतर नुसता ‘नवा अर्थ’ पुरेसा राहिलेला नाही. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 ‘फेअर डीलिंग’ची कामं मोजून सांगतं: खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. फॅन फिक्शन यात सरळ बसत नाही. तरी केरळ उच्च न्यायालयाचा 1996 चा सिव्हिक चंद्रन खटला जरूर वाचावा. एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकात मूळचे प्रसंग आणि संवाद होते, तरी ते टीकेसाठी आहेत हे न्यायालयाने मानलं. शिवाय कलम 57 आहे. हक्क विकल्यानंतरही, आपली प्रतिष्ठा डागाळेल अशी कृतीची मोडतोड थांबवायचा अधिकार लेखकाकडे राहतो. हे कलम आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हतं.

मुलांना फास्टर फेणेवर लिहायचं होतं. भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, म्हणजे 2061 संपेपर्यंत. मी त्यांना गटात वाचायला लिहा म्हटलं, पण छापून विकायचं मनात असेल तर आधी परवानगी मागा. महाभारताचं तसं नाही. एओथ्रीवर व्यासांच्या महाभारताचा वेगळा टॅगच आहे. कर्ण सगळ्यांचा, पण आजच्या कादंबरीकाराने किंवा मालिकेने कर्णाच्या तोंडी घातलेले संवाद त्यांचे.

एओथ्रीवर खाते उघडायला निमंत्रण लागतं, नाव नोंदवून रांगेत थांबावं लागतं. वाचायला आणि कथेचं ईपब (ई-पुस्तक) उतरवून घ्यायला मात्र खात्याची गरज नाही, फक्त काही लेखक आपल्या कथा खातेधारकांपुरत्या ठेवतात. भाषेच्या यादीत मराठी आहे, त्यामुळे आमच्या मुलांच्या महाभारतकथा आता तिथेच टाकायचं ठरलंय.