मिकीची चादर : सूत झकास, कान अंडाकृती

नातीसाठी मिकी माऊसची लहान चादर घेतली. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानातून, 520 सांगितले, 450 ला दिली. मी आयुष्यभर जेकार्डची (भोकं पाडलेल्या कार्डांवरून मागावर चित्र विणायची युक्ती) डिझाइनं काढली, म्हणजे ग्राफ कागदावर चौकोन भरत बसलो. त्यामुळे हे परीक्षण जरा लांबणार. घाईतल्यांनी एवढंच वाचावं: सूत चांगलं, वीण घट्ट, काठाचा लाल रंग पहिल्या धुण्यात जातो, चित्र फसलंय.

आधी चांगलं सांगतो. अंगाला लागली की कळतं, सुती आहे. पॉलिस्टरची मिसळ असती तर हाताला ती गुळगुळीत थंडी लागली असती, ती नाही. वीण दुहेरी कापडाची, आपली नेहमीची सोलापुरी. म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल होते. सुलट बाजूला मलईच्या रंगावर काळे कान, उलट बाजूला काळ्यावर पांढरे. उलट्या बाजूचा काळ्या तोंडाचा उंदीर बघून नात पहिल्या रात्री रडली. सूनबाई म्हणाली, "मामंजी, ही बाजू खालीच ठेवा." तशी ठेवतो.

आता कान. मिकीची सगळी ओळख त्या दोन गोलांत. त्याच्या चित्रकारांनी एक चलाखी करून ठेवली आहे: तो समोर बघू दे की बाजूला, कान गोलच दिसतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण डोळ्याला खटकत नाही. या चादरीवर मात्र ते उभट अंड्यासारखे झालेत. का झालेत ते चादर हातात घेतल्या घेतल्या कळलं. इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, ते सारखे नसतात, म्हणून ग्राफचा चौकोनही त्या हिशोबाचा घ्यावा लागतो. चौरस चौकोनावर गोल काढून तसाच मागावर चढवला की कापडावर तो ताणून तरी येतो किंवा दबून तरी. शिवाय गोलाई पायऱ्यांनी उतरवायची असते. वर माथ्यावर लांब पायरी, मग लहान, आणखी लहान, बाजूला आलं की एकेक चौकोन, आणि पुन्हा तसंच उलट. इथं सगळ्या पायऱ्या एकाच मापाच्या. कुणीतरी नेटवरून चित्र उतरवलं, कॉम्प्युटरला 'कर' म्हटलं आणि मागावर सोडलं. मला कॉम्प्युटरचा राग नाही. आमच्या काळी कार्डं पंच करायला लागणारे दिवस आता तासांवर आलेत, ते चांगलंच झालं. पण धाग्यांचं प्रमाण कॉम्प्युटरला सांगायला माणूस लागतोच.

दुकानदाराला विचारलं, "हे परवानगीचं आहे का बे?" तो म्हणाला, "काका, मिकीच आहे की ओ. बगा, कान बगा." कानांचंच तर दुखणं होतं. चादरीवर कंपनीचं लेबल नाही, तेव्हा काय समजायचं ते समजलो. घरी येऊन मात्र डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. हे वॉल्ट डिस्नेनं पाहिलं असतं तर? आणि चादर सोडा, त्याची आजची कंपनी पाहिली असती तर?

चादरीवर तो चिडला असता असं वाटत नाही. म्हणजे पैसे मिळाले नाहीत म्हणून चिडला असता, पण उंदीर चादरीवर आला म्हणून नाही. ही सुरुवात त्यानंच केलेली. 1929 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका माणसानं शाळेच्या वह्यांवर मिकी छापायचे 300 डॉलर देऊ केले आणि पैशांची नड होती म्हणून त्यानं घेतले. 1933 मध्ये मिकीचं घड्याळ आलं आणि बुडायला आलेली एक घड्याळ कंपनी त्यावर तरली. आज नवी पेठेत दप्तर, डबा, बाटली, छत्री, जे उचलाल त्यावर डिस्नेचं कुणीतरी असतं आणि गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोरं ज्यात उड्या मारतात त्या फुग्याच्या घरावरही मिकीच. हे बघून त्याला कसंनुसं होईल असं मानणारे त्याला साधू समजतात. तो धंदेवाला होता, पक्का.

साधू नव्हता याचा आणखी एक पुरावा म्हणजे 1941 चा संप. त्याच्याच चित्रकारांनी केलेला. पगार, श्रेयनामावली, युनियन, सगळी भांडणं. त्याला तो वैयक्तिक अपमान वाटला. मिकी कागदावर उतरवण्यात मोठा हात अब आयवर्क्स या त्याच्या जुन्या सोबत्याचा, पण जग ओळखतं ते वॉल्टला. आवाज मात्र अनेक वर्षं वॉल्टनं स्वतः दिला. मी ग्राफ भरलेल्या चादरींवर माझं नाव कधी आलं नाही, त्यामुळे या बाबतीत मी आयवर्क्सच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो.

मग तो चिडेल कशावर? माझ्या मते चिडेल तो पुन्हा काढलेल्या चित्रांवर. 'द जंगल बुक' हा त्यानं जातीनं लक्ष घातलेला शेवटचा चित्रपट. तो 1966 च्या डिसेंबरात फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला आणि चित्रपट 1967 मध्ये आला. 2016 मध्ये कंपनीनं तोच पुन्हा काढला, कॉम्प्युटरचे प्राणी आणि एक खरा मुलगा घेऊन. अमेरिकेच्या आधी तो आपल्याकडे लागला. मला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू. पण मग रांगच लागली. 2019 मध्ये सिंहाची गोष्ट, 2025 मध्ये 'स्नो व्हाइट'. ती 'स्नो व्हाइट' आपटली. त्याच वर्षी निळ्या परग्रहवासी प्राण्याच्या जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती मात्र 100 कोटी डॉलरच्या वर गेली. आता हिशोबनीस काय सांगणार? काढा अजून.

1937 ची मूळ 'स्नो व्हाइट' आठवा. पूर्ण लांबीचं कार्टून कोण बघत बसणार, म्हणून हॉलिवूड हसत होतं. खर्च 15 लाख डॉलरच्या आसपास गेला, घर गहाण पडलं. पुढं ऑस्करवाल्यांनी त्याला एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या. तो जुनं पुन्हा विकायचा नाही असं नाही. 'स्नो व्हाइट' 1944 मध्ये परत थिएटरला लावली आणि पुढंही दर काही वर्षांनी लावत गेला. पण लावली ती तीच. तीन डुकरांचं 1933 चं कार्टून तुफान चालल्यावर वितरक म्हणाले, अजून डुकरं द्या. त्यानं दिली, ती तेवढी चालली नाहीत, आणि त्यानंतर असल्या मागणीला तो वैतागायचा. त्याच्या कंपनीत आज ती मागणी करायला वितरकही लागत नाहीत.

विकत घेतलेल्या मालाचं म्हणाल तर 2006 मध्ये पिक्सार, 2009 मध्ये मार्व्हल, 2012 मध्ये लुकासफिल्म, 2019 मध्ये फॉक्स, सगळ्या दुसऱ्यांच्या चित्रपट कंपन्या. आपल्याकडे पानिपतची चादर आणून तिला सोलापूरचं लेबल लावतात, तसा हा प्रकार आहे असं मी पूर्वी तावातावानं बोलायचो. पिक्सारच्या बाबतीत ते लागू होत नाही. पिक्सारचा माग चालूच राहिला आणि कापडही चांगलं निघालं. खुद्द वॉल्टही राजकन्या ग्रिमबंधूंकडून आणि मोगली किपलिंगकडून उचलूनच मोठा झाला. त्याला बोचेल ते हे, की घरचा हातानं काढायचा माग बंद पडला. फ्लोरिडातला हाताच्या चित्रांचा स्टुडिओ 2004 मध्ये मिटला आणि हातानं काढलेला शेवटचा मोठा चित्रपट 2011 चा, अस्वलाचा. यंत्राला तोही नाही म्हणायचा नाही. 1961 च्या कुत्र्यांच्या चित्रपटात पेन्सिलच्या रेघा झेरॉक्स करून शाईवाल्यांचं काम वाचवलं. त्या खरबरीत रेघा त्याला आवडल्या नव्हत्या, पण वापरू दिल्या.

एका गोष्टीवर मात्र तो खूश होईल, पैज लावतो. मिकीच्या आधी त्याचा एक ससा होता, ओसवाल्ड. 1928 मध्ये कागदावरच्या हक्कांत फसला आणि ससा वितरकांकडे गेला. त्या धक्क्यातूनच मिकी आला. 2006 मध्ये कंपनीनं तो ससा परत मिळवला, आणि बदल्यात स्वतःच्या वाहिनीवरचा एक नावाजलेला अमेरिकन क्रीडा समालोचक दुसऱ्या वाहिनीला जाऊ दिला. कार्टूनच्या सशापायी जिवंत माणसाचा सौदा! वॉल्ट हसून लोळला असता.

आणि एका गोष्टीवर भांडेल. फ्लोरिडात त्याला खरंखुरं शहर वसवायचं होतं, लोक राहतील, काम करतील असं. त्याच्या मागं भाऊ रॉयनं 1971 मध्ये तिथं पार्क उघडलं, भावाचं नाव दिलं आणि त्याच वर्षी तोही गेला. त्या शहराचं ठरवलेलं नाव एपकॉट. ते 1982 मध्ये उघडलं, पण तिकीट काढून बघायचं ठिकाण म्हणून. तोकियो, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय इथली कंपनीची पार्कं बघून झाल्यावर तो पहिला प्रश्न विचारेल, शहर कुठं गेलं?

आमच्या घरी आला असता तर आणखी गोंधळला असता. संध्याकाळी आमची ही स्टार प्रवाह लावून बसते. फॉक्सबरोबर 2019 मध्ये स्टार डिस्नेकडे आलं आणि 2024 मध्ये रिलायन्सशी विलीनीकरण होऊन डिस्नेचा वाटा राहिला 36.84 टक्के. म्हणजे सासू-सुनेच्या कटकारस्थानात एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा मिकीचा. मी हे हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, जाहिरात संपली, गप बसा.

त्याच्या मिकीचं पहिलं बोलकं कार्टून, 1928 चं, अमेरिकेत 1 जानेवारी 2024 पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. तो मिकी बटणाच्या डोळ्यांचा, हातमोजे नसलेला. आजच्या रूपातला मिकी अजून कंपनीचाच आणि नाव-चिन्हांचा हक्कही तिचाच. आमच्या चादरीवरचा आजच्या रूपातलाच आहे. दुकानदारानं थोडी माहिती काढली असती तर जुना काळा-पांढरा उंदीर मागावर जास्त शोभला असता. दोन रंगांत तो मुळातच बसतो.

घ्यायची असेल तर पहिलं धुणं वेगळं करा. वाळताना उन्हात टाकू नका, लाल काठ फिका पडतो. त्याच दुकानात त्याच मापात हत्तीची चादरही आहे, कुठल्याही कंपनीचा नसलेला साधा हत्ती, 40 रुपयांनी स्वस्त. त्याच्या पाठीची गोलाई कुणीतरी जाणत्या माणसानं उतरवलीय, आणि उलट्या बाजूला तो पांढरा झाला तरी पोरं घाबरत नाहीत. मिकी मागणारं मूल घरात नसेल तर तीच घ्या.