केनियन सँड बोआ सांगून डुरक्या घोणस पाठवली, २२,७०० रुपये गेले

घरात साप पाळायचा विचार करणाऱ्यांनी हे वाचाच, कारण मला फसवणारा विक्रेता अजून मोकाट आहे.

माझ्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद काचेची पेटी आहे. फ्लॅट लहान, त्याहून मोठी ठेवायला जागा नाही. म्हणून इन्स्टाग्रामवरच्या त्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच केला, की यात कोणता साप जन्मभर नीट राहील? तो म्हणाला, "दादा, बॉल पायथन नको. तो चार-साडेचार फूट होतो, त्याला चार बाय दोनची पेटी लागते. केनियन सँड बोआ घ्या. मादी दोन-अडीच फूट, नर दीड फुटाच्या आसपास, दिवसभर मातीत दडून असतो." यातलं काहीच खोटं नव्हतं. पेटीचं माप विचारून साप सुचवणाऱ्यावर कोण संशय घेईल?

आधी ३,००० 'कागदपत्रांचे' घेतले. मग परिवेश पोर्टलवरची (विदेशी प्राण्यांची नोंद होते ते सरकारी संकेतस्थळ) नोंदणी म्हणून पीडीएफ आली. प्रजातीच्या रकान्यात बॉल पायथन! विचारलं, तर "टायपिंग मिस्टेक दादा, करून देतो दुरुस्त." तो रकाना आठवला की आजही डोकं फिरतं. तेव्हा सापाचे १८,५०० माझ्याच खात्यात होते, पार्सलचे १,२०० सुद्धा. पण सरकारी कागदावर चुका होतातच की. आमच्या रेशनकार्डावर वडिलांचं आडनाव वर्षानुवर्षं चुकीचं आहे. पाठवले पैसे.

खासगी बसच्या पार्सलने थर्माकोलचं खोकं आलं, आत कापडी पिशवी. फोटोतल्या केशरी रंगाचा पत्ता नाही. तपकिरी डाग, खरखरीत शेपूट, आणि मानेजवळच्या खवल्यांत रुतलेल्या गोचिड्या. पेटीत जन्मलेल्या पिल्लाला गोचीड कुठून लागणार? माळावरून उचलून आणलेला जीव होता तो. ओळखीच्या सर्पमित्राने बघताक्षणी सांगितलं, डुरक्या घोणस. आपल्याकडचा साप, वन्यजीव कायद्याने संरक्षित, घरात ठेवणं हाच गुन्हा.

त्याच दिवशी साप वनखात्याकडे दिला. तिथे माझीच उलटतपासणी! कुठून आणला, किती दिवस ठेवला, आणखी किती आहेत? विक्रेत्याचा नंबर, यूपीआय आयडी, बसची पावती समोर ठेवली, तर "फसवणूक पोलिसांचा विषय." पोलीस ठाण्यात म्हणाले, "साप म्हणजे वनखातं. आणि तुम्हाला पार्सल मिळालंय ना?" अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. पुन्हा वनखाते, तर साहेब दौऱ्यावर. स्वतःहून साप आणून देणाऱ्याला आरोपीसारखं वागवलं, तर उद्या कोण पुढे येईल? लोक गुपचूप पिशवी रस्त्याकडेला सोडतील. साप जमा केल्याचा कागद जरूर मागून घ्या, मला तो भांडून मिळवावा लागला.

बोआ आणि अजगर कुळातले सगळे साप साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहेत. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार विदेशी सापाची नोंदणी लागते, मालक बदलला तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावरची नोंद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. "आत्ता मावतो" हे उत्तर नव्हे, पूर्ण वाढीची लांबी विचारा. व्हिडिओ कॉलवर पोटाची बाजू, मान, शेपूट दाखवायला लावा. पैसे गेले तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

त्याचा नंबर बंद आहे. तेच फोटो मात्र दुसऱ्या नावाच्या खात्यावर पुन्हा आलेत, काचेच्या पेटीतला केशरी साप, मागे निळा टॉवेल. कोणाला आले असतील तर स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी जपून ठेवा. माझा अर्ज आता टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गेलाय, सोबत आणखी तक्रारी जोडायच्या आहेत.