समुद्राखालच्या वीजकेबलचा छेद-नमुना : काम चोख, फलक चुकीचा

आमच्या पदविका महाविद्यालयाच्या विद्युत विभागासाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका वर्कशॉपकडून समुद्राखालच्या वीजकेबलचा हातभर लांबीचा छेद-नमुना करून घेतला. इंजिनांच्या सुट्या भागांत हयात घालवलेल्या कारागिरांनी हे अनोळखी काम मन लावून केले आहे. पायरीपायरीने सोललेल्या टोकाशी तांब्याचे वाहक, त्यांवर घट्ट गुंडाळलेला तेलकट कागद, मग शिशाची नळी आणि सर्वांत बाहेर पोलादी तारांचे चिलखत, असे सगळे थर बोट ठेवून दाखवता येतात. शिसे अस्सल असून त्यावर नखाचा ओरखडा उमटतो. केबल वाकली तरी न तडकता ओलावा बाहेर ठेवायला असाच मऊ धातू का लागतो, हे मग निराळे समजवावे लागत नाही. शिसे विषारी, त्यात विद्यार्थी हाताळणार म्हटल्यावर त्यावर लॅकरचा एक हात मात्र द्यायला हवा होता.

खरी तक्रार फलकाबद्दल आहे. फलकावर ‘नॉर्थ सी लिंक, नॉर्वे–ब्रिटन’ असे कोरले आहे आणि आत वाहक आहेत तीन! तीन वाहक हे एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या, केबलचे लक्षण होय. 2021 मध्ये सुरू झालेली, 720 किलोमीटर लांबीची आणि 1400 मेगावॅट क्षमतेची ही समुद्राखालची वीजजोडणी डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहावर, चालते. तिच्यात एकेका वाहकाच्या दोन केबल असून त्या अधिक आणि उणे 515 किलोव्होल्टवर असतात. लांब केबल विद्युतभार साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरसारखी वागते आणि एसीमध्ये तो सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट भारित करण्यातच वाहकाची बहुतेक क्षमता खर्ची पडते, म्हणून एवढ्या अंतरावर डीसीला पर्याय नाही. धड्याचा गाभाच हा असल्याने ही चूक किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

सोबतच्या माहितीपत्रकातील ‘नांगरालाही दाद न देणारे चिलखत’ हे वाक्य तर खोडूनच टाकावे. डिसेंबर 2024 मध्ये फिनलंड–एस्टोनियामधील एस्टलिंक 2 ही समुद्राखालची वीजकेबल निकामी झाली तेव्हा तपास यंत्रणांनी जहाजाच्या ओढल्या गेलेल्या नांगराकडेच बोट दाखवले, आणि दुरुस्त होऊन ती सुरू व्हायला 2025 चा जून उजाडला. केबल तळाशी चर खणून पुरतात ती याच भीतीने.

साडेआठ हजार रुपयांत कारागिरी वाजवी आहे. वर्कशॉपने एकवाहकी नमुना करून देण्याचे मान्य केले आहे. तोवर फलक काढून हाच नमुना कमी अंतराच्या एसी केबलचा म्हणून आम्ही वापरत आहोत. मागणी नोंदवताना ‘डीसी, एकच वाहक’ असे लेखी द्यावे.