येलची मानसशास्त्रावरील वीस व्याख्याने: पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे परीक्षण

अमेरिकेतील येल विद्यापीठाने 2007च्या सत्रात थेट वर्गात चित्रित केलेला ‘इंट्रोडक्शन टू सायकॉलॉजी’ हा अभ्यासक्रम ‘ओपन येल कोर्सेस’ या उपक्रमातून कोणालाही विनामूल्य पाहता येतो. प्रा. पॉल ब्लूम यांच्या या अभ्यासक्रमात तासाभराच्या आसपासची वीस व्याख्याने आहेत, त्यांतली काही पाहुण्या प्राध्यापकांनी दिलेली आहेत, आणि प्रत्येकाचा शब्दशः लेखी मजकूरही सोबत उपलब्ध आहे. नावनोंदणी करावी लागत नाही, फी नाही. अर्थात प्रमाणपत्रही मिळत नाही. सांगलीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र हा विषय घेतल्यावर नेमलेल्या पाठ्यपुस्तकाच्या जोडीने मी हा अभ्यासक्रम अथपासून इतिपर्यंत पाहिला. त्यातील संकल्पना घरात, एसटीत आणि कॉलेजात कितपत लागू पडतात, या एकाच कसोटीवर हे परीक्षण लिहीत आहे.

पाठ्यपुस्तकात आधी संज्ञा येते, मग तिची व्याख्या, मग दोन ओळींचे उदाहरण. ब्लूम बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा करतात. कोणाला प्रयोगशाळेत बोलावले, त्यांना काय करायला लावले, दुसऱ्या गटासाठी नेमकी कोणती एक गोष्ट बदलली आणि त्यामुळे निकालात काय फरक पडला, हे ते एखादी हकीकत सांगावी तसे सांगतात. संज्ञा त्या हकिकतीच्या शेवटी सहज येते. हा फरक वरवरचा नाही. संज्ञा पाठ करून घरी गेलेला विद्यार्थी समोर दिसेल त्याला ती चिकटवत सुटतो. प्रयोग लक्षात ठेवून घरी गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र आपोआप प्रश्न पडतो, की मी पाहते आहे त्या प्रसंगात तुलनेसाठी दुसरा गट कुठे आहे? माझ्या मते हा प्रश्न मनात रुजवणे हेच या अभ्यासक्रमाचे खरे देणे आहे.

मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि वर्तनवाद (मनात डोकावण्याऐवजी दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करणारा विचार) यांवरील चौथे व्याख्यान याचा उत्तम नमुना आहे. एखाद्या गोष्टीची सवय होणे, अभिजात अभिसंधान (एका गोष्टीपाठोपाठ दुसरी येते हे शिकणे) आणि साधक अभिसंधान (वागण्याच्या परिणामांतून शिकणे) हे शिकण्याचे तीन प्रकार समजावून झाल्यावर ब्लूम तिथेच थांबत नाहीत. वर्तनवाद कोठे अपुरा पडला, हेही त्याच तासात सांगतात. कोणतीही दोन उद्दीपके, म्हणजे प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टी, एकमेकांशी जोडता येतात आणि ती लागोपाठ यावी लागतात, असे वर्तनवादी मानत होते. जॉन गार्सिया यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी या समजुतीला तडा दिला. गोड पाणी प्यायल्यावर बऱ्याच वेळाने मळमळ होऊनही उंदरांनी ती चव टाळली, आणि त्यासाठी एकच अनुभव पुरला; मात्र आजारपणाशी जोडली गेली ती चव, सोबतचा प्रकाश किंवा आवाज नव्हे.

हे ऐकताना मला माझ्या मामेभावाचे श्रीखंड आठवले. रत्नागिरीकडच्या एका लग्नातून परतताना आंबा घाटात त्याला गाडी लागली. पंगतीत त्याने वरण-भात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि श्रीखंड असे सगळे खाल्ले होते. दोष वळणांचा होता हे त्यालाही ठाऊक आहे. तरीही आज श्रीखंडाचा डबा उघडला की तो ताटावरून उठतो. पुरी मात्र आनंदाने खातो, आणि गाडीत बसायला तर केव्हाही तयार असतो. एवढ्या पदार्थांतून श्रीखंडच का, याचे उत्तर व्याख्यानाच्या आधारे देता येते: नेहमीच्या ओळखीच्या अन्नापेक्षा क्वचित खाल्लेली, ठळक चव आजारपणाशी अधिक सहज जोडली जाते. माझ्या मामीला हा सारा हट्ट वाटत होता. हे शिकणे इच्छेवर किंवा समजावण्यावर अवलंबून नसते, हे तिला सांगितल्यावर घरातला एक जुना वाद मिटला. पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचा इतका थेट उपयोग होईल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

त्याच व्याख्यानातील अंशतः प्रबलनाचा भाग प्रत्येक आजी-आजोबांनी ऐकावा असा आहे. दर वेळी बक्षीस मिळणारे वर्तन बक्षीस थांबताच लवकर विझते. अधूनमधून बक्षीस मिळणारे वर्तन मात्र चिवट होते. रडणाऱ्या नातवाला चार वेळा मोबाइल नाकारून पाचव्या वेळी ‘घे बाबा एकदाचा’ म्हणून देणारी आजी त्याला नेमके काय शिकवते, हे यावरून कळते.

स्मृतीवरील व्याख्याने मला सर्वांत मोलाची वाटली. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974चा प्रयोग आता सर्वत्र शिकवला जातो. मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना ‘मोटारी आपटल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले, तर काहींना तोच प्रश्न सौम्य क्रियापद वापरून विचारला. जोरकस क्रियापद ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली होती का असे विचारले असता, जोरकस प्रश्न ऐकलेल्या पन्नासपैकी सोळा जणांनी ‘होय’ म्हटले, सौम्य प्रश्न ऐकलेल्या पन्नासपैकी सात जणांनी. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

सांगलीकरांना या निष्कर्षाचा पडताळा घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. ऑगस्ट 2019च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. तिथली धोका पातळी 45 फूट आहे. आमच्या घरात पाणी कुठवर चढले होते, याविषयी दर पावसाळ्यात चर्चा होते. काकांच्या आठवणीत पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागले होते आणि मिक्सर वर नेणारे तेच होते. आईच्या आठवणीत पाणी चौथ्या पायरीवर थांबले होते आणि मिक्सर तिने पदराखाली धरून नेला होता. दोघेही तपशील इतक्या बारकाईने सांगतात, की ऐकणाऱ्याला दोघांचेही पटावे. माजघरातील एका कपाटामागची भिंत त्यानंतर रंगवलेली नाही. तिथे गाळाची तपकिरी रेघ अजून स्पष्ट दिसते, आणि ती पाचव्या पायरीच्या पातळीत आहे. म्हणजे दोघांच्याही आठवणीत पाणी हलले आहे. यात कोणी खोटे बोलत नाही. आठवण दर खेपेस नव्याने रचली जाते आणि त्या रचनेत दरम्यान ऐकलेल्या हकिकती, वर्तमानपत्रांतील छायाचित्रे आणि शेजाऱ्यांचे सांगणे हे सारे मिसळत जाते, हा स्मृतिसंशोधनाचा गाभा ती रेघ पाहून मला जितका कळला तितका कोणत्याही आकृतीवरून कळला नसता. मिक्सर कोणी नेला, याला मात्र भिंतीवर पुरावा नाही. स्मृती बदलते हे ठाऊक असणे निराळे आणि या खेपेस कोणाची बदलली हे ठाऊक असणे निराळे; हा संयमही मी या व्याख्यानांतूनच शिकले.

सोळाव्या व्याख्यानापासून सुरू होणारा ‘स्वतः आणि इतर’ हा भाग रोजच्या व्यवहाराला सर्वांत जवळचा आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण परिस्थितीपेक्षा त्याच्या स्वभावाला जास्त वजन देतो, या मूलभूत दोषाविषयी ब्लूम प्रश्नमंजूषेच्या प्रयोगाद्वारे सांगतात. कोण प्रश्न विचारणार आणि कोण उत्तरे देणार हे सर्वांच्या समोर नशिबाने ठरवले गेले होते, तरीही पाहणाऱ्यांना प्रश्न विचारणाराच अधिक ज्ञानी वाटला. सकाळच्या मिरज-सांगली एसटीत हा दोष रोज दिसतो. पाचशेची नोट पुढे करणाऱ्या प्रवाशावर वाहक खेकसतो आणि मागच्या बाकावरून ताबडतोब शेरा येतो, की माणूसच तुसडा आहे. त्याआधीच्या तीन थांब्यांवर किती जणांनी मोठ्या नोटा दिल्या आणि त्याच्या पिशवीत सुट्टे उरले आहेत का, हे शेरा मारणाऱ्याने पाहिलेले नसते.

पण इथेच मला या अभ्यासक्रमाची मर्यादाही जाणवली. त्याच बसमध्ये दुसरा आवाजही असतो: ‘जाऊ द्या हो, सकाळपासून उभा आहे तो.’ जोन मिलर यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणे विचारली होती. अमेरिकी प्रौढांनी स्वभावाकडे अधिक बोट दाखवले, म्हैसूरच्या प्रौढांनी परिस्थितीकडे. लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. हा अभ्यास मला कॉलेजच्या ग्रंथालयात वाचायला मिळाला आणि तो वाचल्यावर ‘मूलभूत’ हे विशेषण मी जपून वापरू लागले. व्याख्यानांतील बहुतेक प्रयोग अमेरिकेतील आहेत, त्यांत भाग घेणारे पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थीच आहेत, आणि संस्कृतीचा प्रश्न जितका विस्ताराने यायला हवा तितका येत नाही. भारतीय विद्यार्थ्याने हे काम स्वतः करावे लागते.

बोधनिक विसंवादाचे, म्हणजे आपले वागणे आणि मत जुळत नसले की होणाऱ्या अस्वस्थतेचे, विवेचन पुन्हा पुन्हा ऐकावे असे आहे. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांच्या 1959च्या प्रयोगात कंटाळवाणे काम ‘मजेदार आहे’ असे दुसऱ्याला सांगण्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर ते काम खरोखर बरे वाटल्याचे एक डॉलरवाल्यांनीच अधिक सांगितले, कारण खोटे बोलण्याचे पुरेसे कारण त्यांच्या हाती नव्हते. कष्ट किंवा पैसा जास्त ओतलेल्या गोष्टीची किंमत आपण मनात वाढवून घेतो, हा याच विचाराचा पुढचा धागा. माझ्या ओळखीतील काही मुलांनी एका खासगी क्लासला भरमसाट फी भरली. वर्षभर त्यांनी नोट्सविषयी तक्रारी केल्या आणि जूनमध्ये धाकट्या भावंडांना त्याच क्लासची मनापासून शिफारस केली. यामागे बोधनिक विसंवाद असू शकतो. क्लास शेवटच्या दोन महिन्यांत खरोखर सुधारला असेल, असेही असू शकते. कमी फी भरलेल्या मुलांचे मत विचारल्याशिवाय यांतले कोणते खरे ते सांगता येणार नाही.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यावरील व्याख्यान समतोल आहे. जो सिद्धांत कोणत्याही निरीक्षणाने खोटा ठरू शकत नाही तो विज्ञानात का बसत नाही, हे त्यात चांगले समजते. भाषेवरील व्याख्यान ठीक आहे. भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना 1990 मध्ये जॉन मेयर यांच्यासह मांडणारे पीटर सॅलोवे हे प्रेम आणि आकर्षण या विषयावर पाहुणे म्हणून बोलतात. त्यांचा तास रंगतदार आहे, पण घरी आईवडिलांसोबत पाहण्याजोगा नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

मानसिक आजारांवरील व्याख्यानांविषयी गंभीरपणे लिहायला हवे. नैराश्यावरील व्याख्यान सुझन नोलेन-होक्सेमा यांनी दिले आहे. दुःखाचीच कारणे मनात सतत घोळवत राहण्याच्या सवयीवर त्यांनी आयुष्यभर काम केले आणि 2013 मध्ये त्यांचे निधन झाले. आमच्या वर्गात ‘मला डिप्रेशन आलंय’ हे वाक्य पेपर अवघड गेल्यावरही सर्रास उच्चारले जाते. उदास वाटणे आणि निदान करण्याजोगे नैराश्य यांत काळ, तीव्रता आणि रोजच्या कामावर होणारा परिणाम यांचा किती फरक असतो, हे ऐकल्यावर तो शब्द माझ्या तोंडून सहज येत नाही. मात्र कोणतेही व्याख्यान पाहून स्वतःचे किंवा मैत्रिणीचे निदान करू नये. गरज असेल तेव्हा डॉक्टर आहेत, आणि टेली-मानसची 14416 ही सरकारी मदतवाहिनी आहे.

अभ्यासक्रमाचे वय हा सर्वांत मोठा आक्षेप. 2007 नंतर मानसशास्त्रात मोठी उलथापालथ झाली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक प्रकल्पात संशोधकांनी शंभर जुने अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सांख्यिकीच्या निकषावर जेमतेम 36 टक्क्यांचेच निकाल पुन्हा मिळाले. विशेषतः सामाजिक मानसशास्त्रातील अनेक गाजलेल्या निष्कर्षांकडे आता सावधपणे पाहिले जाते. त्यामुळे सामाजिक विषयांवरील व्याख्यानांतला एखादा प्रयोग परीक्षेत किंवा प्रकल्पात वापरण्यापूर्वी त्याचे पुढे काय झाले ते शिक्षकांना विचारून घ्यावे. शिकणे, स्मृती आणि अवधान यांवरील मूलभूत प्रयोग मात्र बऱ्याच अंशी टिकून आहेत, आणि नेमके तेच आपल्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाशी सर्वाधिक जुळतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. ब्लूम भरभर बोलतात आणि त्यांचे काही विनोद अमेरिकी दूरचित्रवाणीची ओळख असल्याशिवाय समजत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे लेखी मजकूर आधी वाचावा, आपल्या पुस्तकातील मराठी संज्ञा समासात लिहाव्यात आणि मग व्याख्यान पाहावे. मजकूर डाउनलोड करून छापून घेतला तर डेटाचीही बचत होते. वीसही व्याख्यानांना वेळ नसेल त्यांनी चौथे, सातवे, आठवे आणि सोळावे एवढी तरी पाहावीत, आणि प्रत्येकानंतर दुसरे लगेच सुरू न करता दोन-चार दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे ऐकलेले घरात आणि रस्त्यावर ताडून पाहायला सवड मिळते. विद्यापीठाच्या परीक्षेत यामुळे थेट गुण वाढतील असे नाही, कारण तिथे व्याख्या आणि प्रकार नेमक्या शब्दांत विचारले जातात. त्यासाठी नेमलेले पुस्तकच लागेल.