किमन घ्यावा की डियानहाँग?

आसाम-दार्जिलिंगचा कोरा चहा पिऊन झालाय आणि आता चिनी लाल चहा मागवायचाय, असं धरून लिहितो. (चिनी लोक या चहाला काळा नाही, लाल म्हणतात. कपात बघितलं की त्यांचंच बरोबर वाटतं.) दूध-साखर घालूनच प्यायचा असेल तर मात्र हा खर्च करू नका. त्याला आपली भुकटी आणि ठेचलेलं आलंच हवं.

लाप्सांग सुचाँग आधीच बाजूला काढतो. फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरात तोंगमू म्हणून गाव आहे, तिथला हा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिल्या घोटाला मला आजोळचा तांब्याचा बंब आठवला. त्या पाण्याने आंघोळ केली की अंगाला असाच वास यायचा. पावसाळ्यात एखादा कप सुरेखच लागतो. पण पाकीट भाजणीच्या डब्याशेजारी ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात थालीपिठांना बंबाचा वास. घरातून निकाल लागला, मी अपील केलं नाही. धूर न दिलेला प्रकारही तिथे होतो, तो गोडसर आणि सौम्य असतो.

त्याच गावात २००५ साली निघालेला जिन जुन मेई म्हणजे नुसते कोंब, अर्धा किलो चहाला ५०,०००च्या वर कोंब लागतात म्हणे. चव मधाळ. मी दोनदा घेतला, दोन्ही वेळा वेगळाच चहा निघाला. एवढ्या पैशात जुगार कशाला?

तेव्हा खरा प्रश्न किमन आणि डियानहाँग या दोघांचाच.

किमन हा अनह्वी प्रांतातल्या छीमन भागातला. १८७५च्या सुमारापर्यंत तिथे हिरवाच चहा व्हायचा, लाल चहा नंतर आला आणि पुढे १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात सुवर्णपदक घेऊन गेला. पानं बारीक, काळीभोर, नीट वळलेली. कप नाकाशी नेला की गुलाब. गुलकंदासारखा अंगावर येणारा नव्हे, शेजारच्या खोलीत कुणीतरी गुलाब ठेवून गेल्यासारखा. हा निव्वळ भास नाही: गुलाबाच्या वासात जे जिरॅनिऑल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, ते या चहातही भरपूर असतं. मागून मनुका, थोडासा कोको. नुसत्या वासावर निकाल द्यायचा तर किमन जिंकला, लेख इथेच संपला.

पण मला तो चहा रोज प्यायचा होता, आणि तिथे घोळ झाला. मी घरून काम करतो. चहा टाकला की फोन येतो, हा माझ्या घरातला नियमच आहे. किमनला माझ्या हाताने तीन मिनिटं लागतात. साडेतीनलाही चालतं. पाच मिनिटांनी परत आलो तर गुलाब गेलेला असतो, जिभेच्या कडा आवळतात आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी राहतं. वरून गरम पाणी घालून बघितलं, तर पातळ पुठ्ठा मिळाला. त्यात पानं इतकी बारीक की आपल्या नेहमीच्या गाळण्यातून तुकडे कपात उतरतात आणि तिथेही मुरत बसतात. म्हणजे वेळेवर गाळला तरी शेवटचे दोन घोट वायाच. पाणी जरा निववून घेतलं, पानं कमी टाकली, बारीक जाळीचं गाळणं आणलं. फरक पडला, नाही असं नाही. पण चहासाठी गजर लावायची वेळ आली तेव्हा मी कंटाळलो. तुमचा हात माझ्यापेक्षा शिस्तीचा असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

डियान हे चीनच्या युन्नान प्रांताचं जुनं नाव, हाँग म्हणजे लाल. जपानशी युद्ध पेटल्यावर पूर्वेकडचे चहाचे मुलूख हातचे जाऊ लागले, तेव्हा १९३८मध्ये चहातज्ज्ञ फंग शाओछ्यू यांनी युन्नानात हा चहा बनवून बघितला. गंमत म्हणजे त्याआधी ते छीमनलाच काम करत होते. पान मात्र अगदी निराळं: मोठं, आसामच्या झाडाचं सख्खं भावंड, मधे मधे सोनेरी कोंब.

वास सांगू? एकादशीला रताळी उकडून कुकरचं झाकण उघडल्यावर येतो तो. चव काकवीकडे झुकणारी, शेवटी घशाशी मिऱ्याची किंचित चुणूक. एकदा हा कप बारा मिनिटं विसरलो. दाट झाला होता, पण प्यायलो आणि त्याच पानांवर दुसरं पाणीही घातलं. तिसऱ्यातही गोडवा होता. किमनचं दुसरं पाणी मला कायम फिकं लागलं.

किमनची नजाकत याच्यात नाही, हे कबूल. डियानहाँग मोकळाढाकळा आहे, पहिल्याच घोटात सगळं सांगून टाकतो. कुणाला ते रांगडं वाटेल.

तरी दोन्हींची छोटी पाकिटं घ्या आणि स्वतः बघा. माझं किमनचं पाकीट दिवाळीत उघडलंय, रविवारी लवकर जाग आली तरच निघतं. डियानहाँग घेताना मात्र सगळाच सोनेरी बघून भुलू नका. नुसत्या कोंबांचा दिसायला देखणा, पण जरा पातळ लागतो. निम्मी काळी पानं असलेला रोजच्याला बरा, आणि स्वस्तही पडतो.