गावरान म्हणून आठ महिने पिंजऱ्यातली अंडी खाल्ली, तुम्ही तरी फसू नका

आमच्या सोसायटीच्या गेटवर दर शनिवारी एक माणूस टेम्पो घेऊन यायचा, टेम्पोवर हिरव्यागार रानात कोंबड्या चरतायत असा मोठा फोटो. बोलायला एकदम गोड, ताई ताई करून. म्हणायचा, आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात, किडे-गवत खातात, पिंजरा माहीतच नाही त्यांना. अंडं 18 रुपयाला. किराणा दुकानात पांढरं 7 ला मिळत होतं तरी मी दर आठवड्याला 2 डझन घ्यायचे, लेकीसाठी. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा व्हिडिओ बघितल्यापासून मला ती अंडी घ्यायला नको वाटायचं, एकेका पक्ष्याला कागदाच्या पानाएवढीच जागा, पंख पसरता येत नाहीत, म्हणून जास्त पैसे गेले तरी चालतील असं ठरवलं होतं.

जूनमध्ये खटावहून मावशी आली. तिच्याकडं आयुष्यभर दहा-बारा कोंबड्या. अंड्यांचा ट्रे बघितला आणि म्हणाली, अगं ही कसली गावरान, सगळी एका मापाची, एका रंगाची! गावरान अंडं लहान असतं, एक मळकट पांढरं, एक बदामी, असं मिसळ असतं. मग तिनं विचारलं, हा माणूस कधी अंडी नाहीत म्हणून रिकामा आला का? मी म्हटलं नाही, दर शनिवारी भरलेला टेम्पो. ती म्हणाली, मग त्याच्या कोंबड्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत का?

हे मला कधी सुचलंच नव्हतं. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, मग कित्येक दिवस अंडं नाही, वर्षाला जेमतेम 60-80 होतात. पिंजऱ्यातली लेअर जात, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली, 300 च्या वर देते. म्हणजे दर आठवड्याला शेकड्यानं गावरान अंडी, तीही बारा महिने, द्यायची तर किती कोंबड्या आणि किती रान लागेल!

मावशीनं चार अंडी साध्या पाण्यात उकडली तर पाणी चहासारखं झालं. पांढरी अंडी रंगवलेली होती. (व्हिनेगरची टेस्ट सांगतात ती करू नका, खऱ्या ब्राऊन अंड्याचा रंगपण व्हिनेगरनं सुटतो.)

मग नवऱ्याला घेऊन टेम्पोवाल्यानं सांगितलेल्या गावी न सांगता गेले. पत्र्याची लांब शेड, आत तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा, एकेकात तीन-चार कोंबड्या, तळ उतरता म्हणजे अंडं आपोआप पुढं घरंगळतं. बाहेर एक कोंबडी नाही. त्याला विचारलं तर म्हणे ताई, शेड गावातच आहे ना, मग गावरानच झाली. पैसे परत मागितले तर फोन ब्लॉक.

पिंजऱ्यातलं अंडं खाण्यालायक नसतं असं माझं म्हणणं नाही, प्रोटीन त्यातही आहे, आणि पोल्ट्रीवाले ते पांढरं म्हणून सरळ विकतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पिवळा बलक गडद म्हणजे मोकळी कोंबडी असंही नसतं, मका किंवा झेंडूचा अर्क खाद्यात घातला की बलक गडद होतो. ब्राऊन कवच म्हणजे फक्त जात वेगळी, ब्राऊन लेअरपण पिंजऱ्यातच ठेवतात. युरोपात प्रत्येक अंड्यावर आकडा छापतात, 0 सेंद्रिय, 1 मोकळी, 2 शेडमध्ये जमिनीवर, 3 पिंजरा. आपल्याकडं अंड्यावर असं काहीच नसतं म्हणून असल्या लोकांचं फावतं.

आठ महिन्यांत 14 हजारांच्या वर गेले. त्याहून जास्त लागलं ते लेकीचं, ती रोज अंडं खाताना विचारायची, आई ही कोंबडी आज कुठं फिरली असेल, आणि मी तिला ओढा, बांध, आंब्याचं झाड सांगायचे.

तो टेम्पो आता आमच्या मागच्या दोन सोसायट्यांमध्ये रविवारी येतो, फोटो तोच आहे. घेण्याआधी एकदा फार्म बघायला येतो म्हणा आणि तो काय उत्तर देतो ते ऐका.