जुना पीसी, लिनक्स मिंट आणि अडखळणारी वरात: सात महिन्यांनंतर

सिडकोतल्या घरी इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज रखडायला लागलं म्हणून त्याजागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. टाकताना ‘मल्टीमीडिया कोडेक’ची, म्हणजे दाबून लहान केलेले व्हिडिओ-गाणी उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची, चौकट टिक करायची राहिली, ती नंतर मेनूतून भरून काढली. पेटंटच्या भानगडीमुळे मिंट हे कोडेक आपणहून टाकत नाही, मागावे लागतात.

पहिले दोन महिने व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर मजेत गेले. मग भाचीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह आला. फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, आणि एच.२६५ या पद्धतीने दाबून लहान केलेलं. वरात गंगापूर रोडवर निघाली आणि घोडा जागच्या जागी थिजला. बँड मात्र वाजत पुढे गेला. व्हीएलसीला शिव्या घातल्या. एसएमप्लेअर टाकला, मिंटसोबत येणारा सेल्युलॉइड पाहिला, एमपीव्ही टाकला. घोडा कुठेच हलेना.

एमपीव्हीत आय दाबलं की आकडे दिसतात. गाळलेल्या फ्रेम, म्हणजे वेळेत न दाखवता आलेली चित्रं, भराभर वाढत होत्या. मग टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ चालवलं, ग्राफिक्स चिप कोणते व्हिडिओ प्रकार स्वतः उलगडते ते ही आज्ञा सांगते. यादीत जुनं एच.२६४ होतं, एच.२६५चं नाव नव्हतं. म्हणजे दोष प्लेअरचा नव्हताच. प्रोसेसरमधलीच ही ग्राफिक्स चिप एच.२६५ स्वतः उलगडू शकत नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. फुल एचडी तो कसाबसा ओढतो, फोरकेला धाप लागते. आणि सेल्युलॉइडच्या पोटात एमपीव्हीच आहे, हे मला प्लेअर बदलून बदलून दमल्यावर कळलं!

शेवटी हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने अख्खं लग्न फुल एचडी एच.२६४ करून घेतलं. संध्याकाळी लावलं, रात्रभर पंखा घोंघावत होता, सकाळी तयार. मूळ फाइल जपून ठेवलीय.

एमपीव्ही व्हिडिओ उलगडायला आपणहून ग्राफिक्स चिप वापरत नाही. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडब्ल्यूडेक’ समोर ‘ऑटो-सेफ’ लिहावं लागतं. ती एक ओळ लिहिल्यापासून एच.२६४ बघताना पंखा ऐकू येत नाही. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या आणखी वेगळ्या प्रकारांत व्हिडिओ पाठवतं, तेही या चिपला जमत नाही, ब्राउझरमध्ये एच.२६४ मागणारं एक्स्टेन्शन टाकलंय, मग १०८०पीच्या वर जाता येत नाही. आमचा मॉनिटर तरी कुठे जास्त दाखवतो.

आज मी एमपीव्हीवर आहे. शिफ्ट-क्यू दाबून बंद केलं की पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. बाबांकडे मात्र व्हीएलसीच. १९९६ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम त्यांच्या जुन्या सीडीतल्या कीर्तनाच्या डॅट फाइलीही मुकाट वाजवतं आणि आवाज शंभराच्या पुढे नेतं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी वाद इथेच मिटला.

जुना डेस्कटॉप घेणार असाल तर निदान सातवी पिढी बघा, दहा बिटचं, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचं, एच.२६५ही तिथून चालतं. एव्ही१ हवं तर अकरावी. मी परवा एका दुकानात पिढी विचारली, तर तो म्हणाला, “साहेब, रॅम सोळा आहे ना!”